गणपतराव देशमुख यांची विधानसभा कारकीर्द : सांगोला मतदारसंघाच्या निवडणूक इतिहासाचा एक अभ्यास (१९६२–२०२४)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या संसदीय राजकारणाचा इतिहास बहुतांशी काँग्रेस पक्षाच्या दृष्टीने लिहिला गेला आहे. सहकारी साखर कारखाने, जिल्हा परिषदा, मध्यवर्ती सहकारी बँका आणि शिक्षणसंस्था यांच्या आधाराने उभे राहिलेले ग्रामीण नेतृत्व हा या लेखनाचा मध्यवर्ती विषय होय. ते स्वाभाविकही आहे, कारण राज्याच्या स्थापनेनंतरची तीन दशके सत्तेची सूत्रे प्रायः याच नेतृत्वाकडे होती. तथापि सत्तेबाहेर राहून ज्यांनी दीर्घकाळ विधिमंडळात प्रतिनिधित्व केले, त्यांच्या राजकारणाची मीमांसा त्या मानाने फारच थोडी झालेली दिसते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचे भाई गणपतराव देशमुख हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण आहे.

१९६२ ते २०१४ या कालखंडात गणपतरावांनी शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने सांगोल्यातून विधानसभेच्या तेरा निवडणुका लढविल्या आणि त्यांपैकी अकरा जिंकल्या. महाराष्ट्र विधानसभेवर इतक्या वेळा निवडून येण्याचा मान अन्य कोणास मिळालेला नाही. ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे सोलापूर येथे निधन झाले. त्यानंतर त्यांच्यावर जे लेखन झाले, त्यात एस.टी.ने प्रवास करणारा आमदार, साधी राहणी, निष्कलंक चारित्र्य या गुणांचाच प्रामुख्याने गौरव झाला. हे गुण खरे होते, यात शंका नाही. परंतु केवळ साधेपणामुळे कोणी अकरा वेळा निवडून येत नाही. महाराष्ट्रात साधे, सचोटीचे आणि तरीही पराभूत झालेले राजकीय कार्यकर्ते पुष्कळ होऊन गेले. तेव्हा या दीर्घ यशाची कारणे व्यक्तीच्या स्वभावाबरोबरच मतदारसंघाच्या अर्थकारणात, समाजरचनेत आणि पक्षसंघटनेत शोधणे आवश्यक ठरते. गणपतरावांच्या निवडणूक कारकिर्दीची वस्तुनिष्ठ मांडणी करून या यशाची कारणे व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शेतकरी कामगार पक्षाची पार्श्वभूमी

शेतकरी कामगार पक्षाचा उगम १९४७-४८ या काळातील आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर काँग्रेसमधील बहुजन समाजाच्या नेत्यांमध्ये पक्षांतर्गत नेतृत्वाविषयी तीव्र असंतोष होता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी नेते त्यातूनच बाहेर पडले. सोलापूर जिल्ह्यातील तुळशीदास जाधव हेही या नेत्यांपैकी एक होते. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवादी विचारसरणीचा स्वीकार केला. सत्यशोधक परंपरा आणि मार्क्सवाद यांचा हा संयोग महाराष्ट्राच्या राजकारणात नवा होता.

मात्र पक्षाला फुटीचे ग्रहण आरंभापासूनच लागले. १९५२ च्या निवडणुकीतील अपेक्षाभंगानंतर मोरे व जेधे काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या आंदोलनाने १९५७ मध्ये पक्षाला नवसंजीवनी मिळाली. परंतु १९६० मध्ये राज्याची स्थापना होताच त्या आंदोलनाचे प्रयोजन संपले आणि यशवंतराव चव्हाण यांच्या बेरजेच्या राजकारणाने शे.का.प.चे अनेक कर्ते नेते काँग्रेसकडे ओढून घेतले. विरोधी पक्षाची पडझड सुरू झालेली असताना, १९६२ मध्ये, गणपतराव देशमुख प्रथम विधानसभेत आले, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या काळात सत्तेकडे जाण्याची वाट खुली होती आणि अनेकांनी ती धरली, त्याच काळात त्यांच्या कारकिर्दीचा प्रारंभ विरोधी बाकावर झाला.

मोहोळ तालुक्यातील पेनूर हे त्यांचे मूळ गाव. कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी सांगोला हे आपले कार्यक्षेत्र केले. जन्मगाव नसलेल्या तालुक्यात वकील म्हणून येणे आणि तेथील लोकप्रतिनिधी होणे, हा प्रवास वतनदारी वा घराण्याच्या बळावर झालेला नव्हता. कोर्टकचेरीच्या निमित्ताने शेतकऱ्याशी येणारा संबंध आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांचे जाळे हीच त्याची शिदोरी होती.

निवडणूक कारकिर्दीचा आलेख

गणपतरावांचे निकाल आणि त्याच निवडणुकांत शे.का.प.ने राज्यात मिळविलेल्या जागा एकत्र मांडल्यास पुढील चित्र दिसते.

| वर्ष | सांगोल्यातील निकाल | राज्यात शे.का.प.च्या जागा |
|---|---|---|
| १९६२ | विजयी | १५ |
| १९६७ | विजयी | १९ |
| १९७२ | पराभूत | ७ |
| १९७४ (पोटनिवडणूक) | विजयी | – |
| १९७८ | विजयी | १३ |
| १९८० | विजयी | ९ |
| १९८५ | विजयी | १३ |
| १९९० | विजयी | ८ |
| १९९५ | पराभूत | ६ |
| १९९९ | विजयी | ५ |
| २००४ | विजयी | २ |
| २००९ | विजयी | ४ |
| २०१४ | विजयी | ३ |

या तक्त्यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, १९६७ मध्ये १९ जागा मिळविणारा पक्ष २००४ मध्ये दोन जागांवर आला, तरी सांगोला पक्षाकडेच राहिले. दुसरी, पक्षाचा ऱ्हास होत असताना त्याचे भौगोलिक क्षेत्रही आकुंचित होत गेले. एके काळी उस्मानाबादचे उद्धवराव पाटील, कंधारचे केशवराव धोंडगे यांच्यामुळे मराठवाड्यात आणि कोल्हापूर परिसरात पक्षाची बळकट ठाणी होती. पुढे तो प्रामुख्याने रायगड जिल्ह्यापुरता उरला. २००४, २००९ आणि २०१४ या तिन्ही निवडणुकांत रायगडबाहेर पक्षाने जिंकलेली एकमेव जागा सांगोल्याची होती. तिसरी गोष्ट म्हणजे दोन पराभव. ते दोन्ही अशा निवडणुकांत झाले, ज्यांत राज्याच्या राजकारणाने मोठे वळण घेतले होते. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

'विक्रम' या शब्दाविषयी

गणपतरावांच्या अकरा विजयांचा उल्लेख अनेकदा 'देशातील विक्रम' असा केला जातो आणि त्यासाठी तमिळनाडूच्या एम. करुणानिधी यांच्याशी तुलना केली जाते. ही तुलना तपासून घेणे उचित ठरेल. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले, परंतु त्यांनी कुळित्तलै, तंजावर, सैदापेट, चेपॉक, तिरुवारूर असे मतदारसंघ बदलले. एकाच मतदारसंघाचा निकष लावला, तर केरळचे के. एम. माणी यांचे उदाहरण येते. ते पाला या मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात सलग तेरा वेळा निवडून आले. ओमन चंडी हेही पुदुप्पळ्ळी येथून १९७० ते २०२१ या काळात सलग बारा वेळा विजयी झाले. तात्पर्य, देशपातळीवरील विक्रमाचा दावा टिकत नाही. महाराष्ट्रातील विक्रम मात्र निर्विवाद आहे.

त्याचप्रमाणे 'सलग पंचावन्न वर्षे आमदार' असा जो उल्लेख आढळतो, तोही अचूक नाही. १९६२–७२, १९७४–९५ आणि १९९९–२०१९ असे तीन कालखंड मिळून त्यांचे सदस्यत्व सुमारे अर्धशतकाचे भरते. या काळात मतदारसंघांच्या पुनर्रचनेमुळे विधानसभेच्या जागा २६४ वरून २७० आणि पुढे २८८ झाल्या. त्यामुळे 'तोच मतदारसंघ' हा शब्दप्रयोगही काहीसा सैल अर्थानेच घ्यावा लागतो. या दुरुस्त्यांनी गणपतरावांच्या कार्याचे मोल उणावत नाही. उलट माणी व चंडी यांच्याशी तुलना केल्यावर त्यांचे खरे वेगळेपण दिसून येते. केरळमधील हे दोन्ही नेते राज्यातील सत्तेच्या दोन प्रमुख आघाड्यांपैकी एकीचे आधारस्तंभ होते आणि त्यांच्या मतदारांना सत्तेत वाटा मिळण्याची शाश्वती आलटून-पालटून असे. सांगोल्याच्या मतदारांना तशी शाश्वती नव्हती. गणपतराव केवळ दोनदा, १९७८ आणि १९९९ मध्ये, मंत्री झाले आणि दोन्ही वेळा ते मंत्रिपद पूर्ण मुदतीचे ठरले नाही. म्हणून प्रश्न असा उरतो की, सत्तेचा लाभ न देऊ शकणाऱ्या प्रतिनिधीस मतदारांनी वारंवार का निवडले?

अवर्षण आणि राजकारण

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम सांगोल्याची भूमी पाहावी लागते. सांगोला हा माणदेशाचा भाग. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात पाऊस अपुरा आणि त्याहून अधिक बेभरवशाचा असतो. माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते. हलक्या जमिनी, ज्वारी-बाजरीची शेती, मेंढपाळी, खिल्लार जनावरांची पैदास आणि रोजगारासाठी होणारे स्थलांतर ही येथील जीवनाची जुनी लक्षणे होत. नीरा उजव्या कालव्याचे पाणी तालुक्याच्या काही भागात येते, पण सांगोला त्या कालव्याच्या शेपटाकडे असल्याने वरच्या बाजूस पाणी अडले की येथे टंचाई पडते.

पश्चिम महाराष्ट्रातील बागायती पट्ट्यात ऊस, कारखाना आणि राजकारण यांचे जे त्रिकूट तयार झाले, ते या कोरडवाहू तालुक्यात त्याच स्वरूपात तयार होऊ शकले नाही. उसाच्या पट्ट्यात शेतकरी सभासद हा कारखान्याच्या अध्यक्षावर अनेक अंगांनी अवलंबून असतो: तोडणीची पाळी, उचल, उसाचा दर, मुलाची नोकरी. या अवलंबित्वातून मते बांधली जातात. सांगोल्यात शेतकऱ्याची मुख्य गरज वेगळी होती. त्याला दुष्काळात काम हवे होते, जनावरांसाठी चारा हवा होता, पिण्याचे पाणी हवे होते आणि दीर्घकाळात शेतीला पाणी हवे होते. या मागण्या एकेकट्या शेतकऱ्याने पुढाऱ्याकडे जाऊन पदरात पाडून घेण्याजोग्या नव्हत्या. त्यासाठी सामूहिक मागणी, मोर्चा आणि सरकारी निर्णय लागत. चळवळ करणारा पक्ष आणि कायद्याचे ज्ञान असलेला प्रतिनिधी यांना येथे आपोआपच अवकाश मिळाला.

१९७२-७३ च्या भीषण दुष्काळाचा संदर्भ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सोलापूर जिल्ह्याला त्याची मोठी झळ बसली. दुष्काळी कामे, मजुरीचे दर, धान्याचे वाटप यांसाठी डाव्या पक्षांनी राज्यभर आंदोलने केली आणि त्यांत शे.का.प. आघाडीवर होता. याच काळात रोजगार हमीच्या कल्पनेने मूळ धरले. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेचे श्रेय वि. स. पागे यांच्या कल्पकतेला दिले जाते, ते योग्यच आहे. परंतु 'मागेल त्याला काम' हे तत्त्व कायद्यात उतरून टिकून राहण्यामागे विरोधी पक्षांचा रेटाही होता. १९९९ मध्ये मंत्री झाल्यावर गणपतरावांकडे पणनाबरोबर रोजगार हमी हे खाते आले, त्याला अशी पार्श्वभूमी होती.

दुसरा प्रश्न शेतीच्या पाण्याचा. १९९३ पासून आटपाडी येथे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने दुष्काळग्रस्त तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर हे या चळवळीचे अन्य प्रमुख नेते. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे आणि त्याचे वाटप समन्यायी असावे, ही तिची मागणी होती. टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी सांगोल्यापर्यंत यावे म्हणून सभागृहात आणि सभागृहाबाहेर प्रयत्न झाले. या योजना रखडत रखडत पुढे सरकल्या. पाणी येण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला आणि त्यातही सर्व गावांना ते सारखे मिळाले असे म्हणता येत नाही. मात्र मतदारांच्या दृष्टीने प्रतिनिधी या प्रश्नाशी सातत्याने बांधलेला आहे, ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

दरम्यानच्या काळात तालुक्याच्या शेतीचे रूप पालटले. हलकी जमीन आणि कमी पाणी यांना मानवणारे डाळिंबाचे पीक येथे पसरले आणि सांगोल्याचे डाळिंब परदेशी बाजारपेठेपर्यंत पोहोचले. पुढे 'सोलापूर डाळिंब' या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले. तेल्या रोगाने या बागांचे वारंवार मोठे नुकसान केले, हेही नमूद करावयास हवे. फळबागांच्या अर्थकारणाने एक नवा, बाजारपेठेशी थेट जोडलेला शेतकरी उभा राहिला. त्याच्या आकांक्षा दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या पिढीपेक्षा निराळ्या होत्या. सांगोल्यातील नंतरच्या निवडणुकांचा अर्थ लावताना हे स्थित्यंतर दृष्टीआड करता येत नाही.

संस्था, समाज आणि आघाड्या

गणपतराव संस्थात्मक राजकारणापासून अलिप्त होते असे मात्र नाही. सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली आणि राज्यातील अनेक सूतगिरण्या डबघाईस आलेल्या असताना ती नावारूपास आली. सहकाराचे हे प्रतिरूप काँग्रेसच्या सहकारापेक्षा तत्त्वतः वेगळे नव्हते. त्यातूनही रोजगार आणि निष्ठा या दोन्ही गोष्टी निर्माण होत होत्या. फरक होता तो संस्थेचा उपयोग व्यक्तिगत संपत्तीसाठी न करण्याच्या संयमात. त्यांच्या साधेपणाचा राजकीय अर्थ येथे लागतो. सत्तेबाहेरच्या नेत्याकडे वाटण्यासारखे थोडे असते, तेव्हा जे आहे ते त्याने स्वतःसाठी राखले नाही, ही खात्री मतदाराला लागते. या अर्थाने त्यांची सचोटी हे केवळ वैयक्तिक भूषण नव्हते. तिच्यावर त्यांच्या राजकारणाचा डोलारा उभा होता.

सामाजिक घटकाचाही विचार केला पाहिजे. सांगोला तालुक्यात धनगर समाजाची संख्या लक्षणीय आहे आणि गणपतराव त्याच समाजातून आले होते. मराठा नेतृत्वाचे वर्चस्व असलेल्या पश्चिम महाराष्ट्रात या समाजाला विधानसभेतील प्रतिनिधित्व अल्पच मिळाले. त्यामुळे समाजाचा पाठिंबा हा त्यांचा एक भक्कम आधार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु केवळ जातीच्या बेरजेने अकरा विजयांचा उलगडा होत नाही. हीच समाजरचना १९७२ आणि १९९५ मध्येही होती. शिवाय त्यांनी जातीच्या नावाने संघटन न उभारता वर्गीय परिभाषा बोलणाऱ्या पक्षाची चौकट सोडली नाही, त्यामुळे मराठा व इतर समाजांतील कष्टकरी मतदारांनाही तेथे स्थान राहिले. सत्यशोधक परंपरेतून आलेल्या शे.का.प.च्या बहुजनवादी भूमिकेचा हा प्रत्यक्ष व्यवहारातील विनियोग होता.

तिसरा घटक आघाड्यांचा. १९७७-७८ मध्ये गणपतराव विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा शे.का.प.तर्फे प्रा. एन. डी. पाटील यांच्याप्रमाणेच गणपतरावांचाही त्यात समावेश झाला. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झाले. १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या लोकशाही आघाडीच्या मंत्रिमंडळात ते पुन्हा आले, पण २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या वादावरून शे.का.प.ने सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि त्यांचे मंत्रिपद गेले. येथे एक विसंगती ध्यानात येते. राज्यपातळीवर ज्या पक्षांशी शे.का.प. आघाडी करीत होता, त्यांच्यातील काँग्रेसशीच सांगोल्यात त्याची मुख्य लढत होती. पक्ष न बदलता मित्र बदलण्याची ही लवचीकता त्यांच्या टिकून राहण्याचे एक कारण होय. आणि काँग्रेसविरोधी पक्ष ही शे.का.प.ची ओळख धूसर होण्याचेही तेच एक कारण होय.

दोन पराभव

कोणत्याही दीर्घ कारकिर्दीत विजयांपेक्षा पराभव अधिक बोलके असतात. १९७२ ची निवडणूक बांगलादेश मुक्तिसंग्रामानंतरच्या वातावरणात झाली. इंदिरा गांधी यांच्या लोकप्रियतेच्या लाटेत काँग्रेसने राज्यात २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. शे.का.प.ला अवघ्या सात जागा मिळाल्या आणि सांगोल्याची जागाही काँग्रेसकडे गेली. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पोटनिवडणूक झाली आणि गणपतराव पुन्हा निवडून आले. या दोन तारखांच्या मध्ये १९७२-७३ चा दुष्काळ आहे. राष्ट्रीय लाट स्थानिक प्रश्नांवर मात करू शकते, परंतु स्थानिक संकट तीव्र होताच मतदार आपल्या परिचित प्रतिनिधीकडे परततो, असा या क्रमाचा अर्थ लावता येतो.

१९९५ चा पराभव अधिक चमत्कारिक आहे. त्या वर्षी राज्यभर काँग्रेसविरोधी वातावरण होते. काँग्रेस ८० जागांवर अडकली, शिवसेना-भाजप युतीने १३८ जागा मिळविल्या आणि ४५ अपक्ष निवडून आले. नेमक्या याच निवडणुकीत सांगोल्यात काँग्रेसचे शहाजीबापू पाटील अवघ्या १९२ मतांनी विजयी झाले. म्हणजे राज्य ज्या पक्षाला नाकारीत होते, त्याला सांगोल्याने निसटते का होईना स्वीकारले. तेहतीस वर्षांपूर्वी प्रथम निवडून आलेला प्रतिनिधी स्वतःच 'प्रस्थापित' झाला होता आणि बदलाची इच्छा येथे त्याच्याच विरोधात व्यक्त झाली, असे अनुमान करणे अवाजवी ठरू नये. पराभवानंतर गणपतरावांनी पक्ष बदलला नाही, मतदारसंघ सोडला नाही, की विधान परिषदेची पायवाटही धरली नाही. १९९९ मध्ये ते त्याच चिन्हावर पुन्हा जिंकले आणि तेव्हापासून सलग चार वेळा निवडून आले. २०१४ मध्ये, देशभर भाजपची लाट असताना, त्यांनी ९४,३७४ मते मिळवून शिवसेनेकडून उभ्या असलेल्या शहाजीबापू पाटील यांचा २५,२२४ मतांनी पराभव केला. त्या वेळी त्यांनी वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली होती.

वारशाचा प्रश्न

२०१९ मध्ये वयोमानामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. पक्षाने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांना ९९,४६४, तर अनिकेत देशमुख यांना ९८,६९६ मते मिळाली आणि ७६८ मतांनी जागा गेली. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ती २५ हजारांहून अधिक मताधिक्याने परत मिळविली. शिवसेनेच्या दोन गटांचे उमेदवार परस्परांविरुद्ध उभे असल्याने विरोधी मते विभागली गेली होती, ही गोष्ट या निकालाचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही. त्या निवडणुकीत शे.का.प.ला संपूर्ण राज्यात मिळालेली ही एकमेव जागा होय.

हे दोन्ही निकाल परस्परविरोधी प्रश्न उपस्थित करतात. एकीकडे, गणपतराव स्वतः रिंगणात नसतानाही शे.का.प.ला सुमारे एक लाख मते मिळाली. ही सारी मते एका व्यक्तीची होती असे म्हणता येणार नाही. तालुक्यात पक्षाची संघटना आणि परंपरा जिवंत होती, याची ती साक्ष आहे. दुसरीकडे, ज्या नेत्याचा उदय घराण्याच्या आधाराविना झाला, त्याचा राजकीय वारसा मात्र घराण्यातच राहिला. सत्तावन्न वर्षांच्या कालावधीत तालुक्यात पक्षाचे शेकडो कार्यकर्ते घडले असतील. तरीही उमेदवारी देताना पक्षाला देशमुख हे आडनाव आवश्यक वाटले. महाराष्ट्रातील इतर पक्षांप्रमाणेच शे.का.प.चीही ही मर्यादा होय. त्याहून मोठी मर्यादा म्हणजे सांगोल्याचा अनुभव शेजारच्या तालुक्यांत रुजला नाही. आटपाडी, जत, माण, मंगळवेढा या तालुक्यांतही दुष्काळ होता, पाण्याचा प्रश्न होता, कष्टकरी मतदार होते. परंतु तेथे पक्षाला अशी दीर्घकालीन जागा उभी करता आली नाही. एका मतदारसंघाचा विजय पक्षाच्या पुनरुज्जीवनाचा आरंभबिंदू होऊ शकला नाही. तो पक्षाचा अखेरचा बुरूज ठरला.

समारोप

गणपतराव देशमुख यांच्या कारकिर्दीकडे संतचरित्राच्या दृष्टीने पाहिल्यास त्यांचा आदर होतो, पण त्यांचे राजकारण हरवते. शिवाय 'असा माणूस पुन्हा होणे नाही' असे म्हटले की इतरांची त्या मापदंडातून आपोआप सुटका होते. प्रत्यक्षात त्यांचे यश अपवादात्मक असले तरी अनाकलनीय नव्हते. अवर्षणग्रस्त तालुक्याच्या सामूहिक मागण्यांशी घातलेली सांगड, कायद्याच्या ज्ञानाचा सभागृहातील उपयोग, सामाजिक आधारास वर्गीय भूमिकेची दिलेली जोड, मर्यादित पण सचोटीने चालविलेल्या संस्था आणि पक्ष न सोडता केलेल्या आघाड्या या घटकांतून ते साकारले. यांपैकी कोणतीही गोष्ट अन्य लोकप्रतिनिधीच्या आवाक्याबाहेरची नाही.

त्यांचे अपयशही तितकेच वास्तव आहे. पक्ष राज्यात क्षीण होत असताना त्यांची जागा टिकली, पण त्या जागेने पक्षाला वाचविले नाही. नेतृत्वाची दुसरी फळी उभी राहिली नाही आणि शेतीला पाणी मिळण्यास एका पिढीचे आयुष्य खर्ची पडले. सत्ता न देऊ शकणाऱ्या प्रतिनिधीला मतदार अकरा वेळा निवडतात, याचे श्रेय जितके प्रतिनिधीचे तितकेच त्या मतदारांचेही आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण मतदाराविषयी जो सर्वसाधारण समज रूढ आहे, म्हणजे तो केवळ जात, पैसा आणि कारखाना यांच्यामागे जातो, त्याला सांगोल्याचा निवडणूक इतिहास भक्कम पुराव्यानिशी छेद देतो. राज्याच्या राजकीय इतिहासलेखनात काँग्रेसेतर ग्रामीण परंपरेचे प्रकरण जेव्हा सविस्तर लिहिले जाईल, तेव्हा अकरा या आकड्याइतकेच लक्ष त्यामागील तालुक्याकडे आणि तेथील मतदारांकडेही दिले जावे.